रात्री दोनला उठवणारे वडील

आमच्या जरीपटक्यात एका बाजूला फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची वस्ती आहे, तर दुसऱ्या बाजूला इंदोरा, बेझनबागकडची बौद्ध वस्ती. संध्याकाळी बाजारात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीतून वाट काढत मी आठवड्यातले चार दिवस आमच्या अभ्यासवर्गाला जाते. अभ्यासवर्ग म्हणजे काय, तर विहाराच्या मागची एक खोली, दोन ट्यूबलाइट, चार सतरंज्या आणि आठवी ते बारावीच्या वीस-बावीस मुली. घरात टीव्ही चालू असतो, पाहुणे असतात, लहान भावंडांचा गोंधळ असतो. म्हणून या मुली इथे येऊन अभ्यास करतात. मी काही शिक्षिका नव्हे. बी.ए. झालेली गृहिणी. जमेल तेवढं शिकवते, बाकी वेळ नुसती बसून राहते. कुणीतरी मोठं माणूस बसलेलं असलं की मुली अभ्यास करतात, एवढं मला कळलंय.

यातल्या एका मुलीचे वडील भाजीचा ठेला लावतात. पहाटे चारला उठून कळमन्याच्या मार्केटला जायचं, दिवसभर ठेला, आणि रात्री नऊला लेकीला घ्यायला यायचं. ते आत येत नाहीत, बाहेर पायरीवर बसतात. मुलगी यंदा दहावीला आहे. नातेवाईक त्यांना टोकतात की पोरीला एवढ्या रात्रीपर्यंत बाहेर कशाला ठेवता, दहावी झाली की उजवून टाका. परवा त्यांनी मला जरा संकोचतच विचारलं की मॅडम, मी चौथी शिकलेलो, पोरीच्या अभ्यासात माझ्यासारख्याचा काय उपयोग?

मला पटकन उत्तर सुचलं नाही. मुलांचा अभ्यास हे आईचं काम, वडिलांनी फी भरायची, हेच आपल्याकडे धरून चालतात. घरी आले, पोळ्या लाटताना तोच प्रश्न डोक्यात होता, आणि एकदम रामजी सुभेदार आठवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील.

मैत्रिणींनो, बाबासाहेब आपल्याला माहीत आहेत. त्यांच्या पदव्या, संविधान, चवदार तळं, दीक्षाभूमी, सगळं माहीत आहे. रमाईंच्या कष्टांविषयीही आपण ऐकलेलं असतं, गाणी म्हटलेली असतात. पण रामजींचं नाव बहुतेक वेळा लेकाच्या नावाच्या मधोमध येतं आणि आपण पुढे जातो. भीमराव रामजी आंबेडकर. या मधल्या नावाच्या माणसाने काय केलं, हे त्यांच्या मुलाने मोठेपणी पुष्कळदा आठवून सांगितलंय, लिहिलंय. त्या आठवणी वाचल्या की वाटतं, एवढ्या कडक शिस्तीच्या बापाची आठवण मुलाने किती मायेने जपली!

रामजी मालोजी सकपाळ हे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे. वडील मालोजी पलटणीत होते, रामजीही पलटणीत गेले. त्या काळच्या इंग्रजी फौजेत शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचं होतं. गावात ज्या समाजाच्या पोरांना शाळेची पायरी चढू देत नव्हते, त्याच समाजाच्या पोरांना छावणीत पाटी-पेन्सिल मिळत होती. रामजी शिकले, शिक्षक झाले आणि पलटणीच्या शाळेत चौदा वर्षं मुख्याध्यापक होते. हुद्दा सुभेदाराचा. दारूला शिवत नसत. कबीरपंथी होते. कबीराचे दोहे आणि संतांचे अभंग त्यांना पाठ होते. महात्मा जोतिबा फुल्यांविषयी त्यांना फार आदर होता.

बायको भीमाबाई मुरबाडकरांच्या घरातली. तीही सुभेदाराची लेक. या दोघांना चौदा मुलं झाली, पण जगली थोडीच. शेवटचं, चौदावं अपत्य म्हणजे भीमराव. मध्य प्रदेशातल्या महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ ला जन्मलेला. घरात त्याला भिवा म्हणत.

भिवा दोन-तीन वर्षांचा असताना रामजी निवृत्त झाले. त्याच सुमारास सरकारने महार समाजाची फौजेतली भरती बंद केली. रामजी गप्प बसले नाहीत. न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेऊन त्यांनी सरकारकडे अर्ज करवला. तो अर्ज काही फळाला आला नाही. पण घरात वडील अन्यायाविरुद्ध कागद घेऊन उभे राहतात, हे लहान पोराच्या डोळ्यांसमोर घडत होतं.

कुटुंब आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला आलं. साताऱ्यात १८९६ साली भीमाबाई गेल्या. भिवा तेव्हा पाच वर्षांचा होता. आईविना पोर. घर सांभाळायला रामजींची बहीण, मीराआत्या, पुढे आली. ती पाठीने वाकलेली होती, पण या पोरांना तिनेच वाढवलं. पुढे रामजींनी दुसरं लग्न केलं. सावत्र आईच्या अंगावर आपल्या आईचे दागिने पाहून लहानग्या भिवाला ते अजिबात सहन झालं नाही. तो वडिलांवर रुसला. आता वडिलांच्या पैशावर जगायचंच नाही, मुंबईला जाऊन गिरणीत काम करायचं, असं त्याने ठरवलं. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पिशवी चोरायचा बेत केला. आत्या शेजारीच झोपायची. तीन रात्री प्रयत्न फसला, चौथ्या रात्री पिशवी हाती लागली. आत निघाला अर्धा आणा! अर्ध्या आण्यात कुठली मुंबई? त्या रात्री त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि मन लावून अभ्यास करून लवकर पायावर उभं राहायचं त्याने ठरवलं. ही गोष्ट बाबासाहेबांनी मोठेपणी स्वतःच सांगितलेली आहे, आपली चोरी न लपवता.

मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. कारण वडिलांच्या आठवणी म्हणजे नुसतं गोडगोड नसतं. राग असतो, रुसवा असतो. रामजी चुकत नव्हते असं मुलाने कुठेच म्हटलेलं नाही. तरी त्याच्या मनात वडील मोठेच राहिले.

आता मसूरची गोष्ट. बाबासाहेबांनी ती सविस्तर लिहून ठेवली आहे. १९०१ सालची उन्हाळ्याची सुट्टी. रामजी तेव्हा खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. दुष्काळात माणसं मरत होती, त्यांना काम मिळावं म्हणून सरकार तलाव खोदत होतं. मुलं साताऱ्यात होती. आत्या म्हातारी, तिला स्वयंपाक होईना. घरात कुणाला पोळ्या येत नव्हत्या. मग ही पोरं भात आणि मटण एकत्र शिजवून पुलाव करायची, कारण तेवढंच जमायचं. अशा घरात वडिलांचं पत्र आलं की सुट्टीत माझ्याकडे या. पोरांना आनंद किती झाला असेल! नवीन जॅकेट शिवले, जरीच्या टोप्या घेतल्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं. भिवा, त्याचा थोरला भाऊ आणि वारलेल्या थोरल्या बहिणीची मुलं अशी सगळी नटूनथटून आगगाडीत बसली. बापाला भेटायला जायचं म्हणून नवे कपडे! एवढ्या एका गोष्टीवरून कळतं की हे वडील मुलांना किती हवेसे होते.

मसूर स्टेशनवर उतरले तर न्यायला कुणी नाही. स्टेशन मास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली. पण जात कळली तसा तो मागे सरला. गाडीवाले मिळेनात. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एक जण तयार झाला, तोही या अटीवर की गाडी पोरांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. रात्र झाली. जवळ शिदोरी होती, पण पाणी कुणी देईना, म्हणून घासही घशाखाली गेला नाही. एका नाक्यापाशी उपाशी, तहानलेल्या पोटी पोरांनी रात्र काढली. दुसऱ्या दिवशी वडिलांच्या दारात पोहोचले तेव्हा रामजी चकितच झाले. पोरं येणार याचा त्यांना पत्ताच नव्हता. पत्र आलं होतं, पण नोकराने ते त्यांच्या हाती दिलंच नव्हतं.

नऊ-दहा वर्षांच्या पोराच्या मनावर तो प्रवास कायमचा कोरला गेला. अस्पृश्यता त्याआधीही होती. शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसायचं, शिपायाने वरून ओतलं तरच पाणी प्यायचं, न्हावी केस कापत नाही म्हणून बहिणीने कात्री चालवायची. पण नव्या टोप्या घालून निघालेली पोरं आणि पाण्याच्या एका घोटासाठी काढलेली ती रात्र, हे काही वेगळंच होतं. मी त्या ठिकाणी रामजींचा विचार करते. आपली पोरं अशी दारात उभी पाहिल्यावर त्या बापाला काय झालं असेल? फौजेत सुभेदार झालेला माणूस, मुख्याध्यापक राहिलेला माणूस, आणि त्याच्या पोरांना वाटेत कुणी पाणी दिलं नाही.

पुढे १९०४ च्या सुमारास रामजींनी बिऱ्हाड मुंबईला हलवलं. साताऱ्यातली नोकरी संपली होती, पेन्शन तुटपुंजी होती. तरी मुंबई कशाला? तर पोराला चांगल्या हायस्कुलात घालायचं म्हणून. परळच्या डबक चाळीत एक खोली घेतली. गिरणी कामगारांची वस्ती. त्याच खोलीत स्वयंपाक, त्यातच सामान, त्यातच सगळ्यांचं झोपणं आणि तिथेच अभ्यास. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागला.

एवढ्याशा खोलीत अभ्यास करायचा कधी? रामजींनी यावर एक तोड काढली. पोराला लवकर झोपवायचं आणि स्वतः जागत बसायचं. रात्री दोन वाजता भीमरावाला उठवायचं. मग झोपायला जागा होई तेव्हा रामजी आडवे व्हायचे आणि पोरगा मिणमिणत्या दिव्यापाशी पुस्तक घेऊन बसायचा. चाळ झोपलेली असायची, तेवढीच शांतता मिळायची. रोज रात्री, पुन्हा पुन्हा. मैत्रिणींनो, घरात घड्याळाचा गजर लावून आपण झोपून जातो. इथे बापच गजर झाला होता. दोनपर्यंत स्वतःच्या डोळ्यांतली झोप त्याने रोखून धरली.

इंग्रजी रामजींनी स्वतः घरी शिकवलं. हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून घोटून घेतली. कोणत्या मराठी शब्दाला नेमका कोणता इंग्रजी शब्द, याचा त्यांना फार कटाक्ष. पुढे परदेशातल्या मोठमोठ्या प्राध्यापकांच्या हाताखाली शिकलेल्या मुलाने वडिलांच्या या शिकवणीचं ऋण कायम मानलं.

आणि पुस्तकं! भीमरावाला शाळेच्या पुस्तकांनी पुरत नव्हतं. अवांतर पुस्तकांचा हट्ट असायचा. सुभेदार आधी म्हणायचे की शाळेचं तर वाच. पण हट्ट मोडायचे नाहीत. पुस्तक हवं म्हटलं की काखेत पागोटं मारून घराबाहेर पडायचे. जायचे कुठे? मुंबईतच दिलेल्या आपल्या लेकीकडे. तिच्याकडे चार-पाच रुपये उसने मागायचे. तिच्याकडे नसले तर दुसऱ्या लेकीकडे. ती बिचारी पैसे कुठून आणणार? ती अंगावरचा एखादा दागिना काढून द्यायची. तो मारवाड्याकडे गहाण टाकून रामजी पैसे घ्यायचे, पुस्तक आणायचे आणि पेन्शन आली की दागिना सोडवून लेकीला परत करायचे.

ही आठवण बाबासाहेब वडिलांच्या मोठेपणाची म्हणून सांगत. ती तशी आहेच. लेकीच्या दारात पैसे मागायला जाणं आपल्या समाजात बापाला किती जड जातं, ते सांगायला नको. लेकीच्या घरचं पाणीही न पिणारे बाप आपण पाहिलेत. पण मी बाई आहे, त्यामुळे माझी नजर त्या दागिन्याकडेही जाते. मंजुळा आणि तुळसा या त्या बहिणी. गरिबाच्या घरात दिलेल्या. त्यांच्याकडे असून असून काय असणार? तरी भावाच्या पुस्तकासाठी त्या हातातलं काढून देत होत्या. सासरी विचारलं असेल तर काय सांगितलं असेल? दागिना परत येईपर्यंत रिकाम्या हातावर पदर ओढला असेल का? पुस्तक आलं भावाच्या हाती, पण त्यात बहिणींचंही सोनं होतं. आपण रामजींना नमस्कार करताना या दोन बहिणींना विसरू नये, असं मला वाटतं.

या बहिणी आणखी एका आठवणीत आहेत. रामजींचा घरात नियम होता की रोज रात्री झोपण्यापूर्वी मुलांनी रामायण-महाभारतातला काही भाग मोठ्याने वाचायचा. ऐकायला बहिणी असायच्या आणि शेजारची माणसंही जमायची. ही कथा वर्षानुवर्षं चालली. नंतर शाळेतली एक परीक्षा भीमराव पास झाला. समाजातल्या लोकांनी त्याचा सत्कार करायचं ठरवलं. आज आपण नातवाच्या केजीच्या निकालालाही केक कापतो! पण रामजींनी साफ नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल, ही त्यांची भीती. लोक हिरमुसले आणि कृष्णराव अर्जुन केळुसकरांकडे, म्हणजे दादा केळुसकरांकडे गेले. केळुसकर लेखक, शिक्षक आणि रामजींचे स्नेही. त्यांनी समजूत घातली तेव्हा कुठे सुभेदार तयार झाले. सत्कारात केळुसकरांनी आपणच लिहिलेलं बुद्धचरित्र भीमरावाला भेट दिलं.

ते पुस्तक वाचून मुलगा अस्वस्थ झाला. त्याने वडिलांना विचारलं की ज्या ग्रंथांत वरच्या वर्णांचा मोठेपणा आणि आपल्यासारख्यांचा कमीपणा सांगितलाय ते आम्ही का वाचायचे? रामजींना प्रश्न आवडला नाही. असलं काही विचारायचं नाही, सांगितलं तेवढं करायचं, असं म्हणून त्यांनी विषय तोडला. घरात त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे. फक्त आई लहानपणीच गेली म्हणून या धाकट्याला थोडी मोकळीक होती. त्या मोकळिकीवर त्याने काही दिवसांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. आणि या खेपेला वडील उत्तर तयार करून बसले होते.

हे मला सर्वांत जास्त आवडतं. म्हणजे पहिल्यांदा रागावून गप्प केलेल्या पोराचा प्रश्न हा बाप मनात घोळवत होता. त्यांनी समजावलं की आपण अस्पृश्य, त्यामुळे तुमच्या मनात न्यूनगंड येणं स्वाभाविक आहे. तो जावा म्हणून मी हे वाचायला लावतो. द्रोण बघा, कर्ण बघा, साध्या स्थितीतून किती वर गेले. वाल्मीकी कोळी होता, पण रामायण त्याने लिहिलं. मुलाला यात तथ्य वाटलं, पण समाधान झालं नाही. त्याने एकेका पात्राविषयी आपली नापसंती सांगून टाकली. त्यावर रामजी गप्प राहिले. पोरगा बंडाला उभा आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. पण त्यांनी हात उगारला नाही की पुस्तक हिसकावलं नाही. ही सारी आठवण बाबासाहेबांनी १९५६ साली, आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, बुद्धाविषयीच्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेसाठी लिहिली. आपण बुद्धाकडे कसे वळलो, हे सांगताना पासष्ट वर्षांच्या माणसाला आधी वडील आठवले.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कॉलेजही पूर्ण झालं. १९१३ च्या जानेवारीत तो नोकरीसाठी बडोद्याला निघाला. रामजींच्या मनात नव्हतं. तिथे पोराला जातीचा जाच होईल, मुंबईतच काही बघावं, असं त्यांना वाटत होतं. मुलगा ऐकला नाही, कारण शिष्यवृत्ती घेतलेली. पंधरा दिवस होतात न होतात तोच तार आली, वडील अत्यवस्थ.

भीमराव लगेच निघाला. वाटेत सुरत स्टेशनवर गाडी थांबली. वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून तो उतरला. सुरतेची बर्फी नावाजलेली. मिठाई घेईपर्यंत गाडी सुटली! पुढची गाडी मिळून घरी पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. घरात सगळे अंथरुणाभोवती बसलेले होते. रामजींचे डोळे शोधत होते ते एकाच पोराला. तो जवळ आला तसा त्यांनी अशक्त हात त्याच्या पाठीवरून फिरवला. थोड्याच वेळात सगळं संपलं. तो दिवस होता २ फेब्रुवारी १९१३.

आजारी बापासाठी काहीतरी गोड न्यावं, हा किती साधा विचार! आपणही माहेरी जाताना बसस्टँडवर उतरून पेढे घेतोच की. आणि त्या पेढ्यांपायी बापाच्या सहवासातले अखेरचे तास हातचे गेले. हे दुःख मुलाने जन्मभर बाळगलं. तो दिवस आपल्या आयुष्यातला सर्वांत दुःखाचा, असं ते मानत.

त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. लेकाने विलायतेची विद्या घेतलेली रामजींनी पाहिलीच नाही. न्यूयॉर्कहून वडिलांच्या एका पलटणीतल्या स्नेह्याला त्यांनी पत्र लिहिलं. त्यात आईबाप मुलांना फक्त जन्म देतात, त्यांचं नशीब घडवू शकत नाहीत, ही समजूत टाकून द्यायला सांगितलं. आईबाप मुलांचं आयुष्य घडवू शकतात आणि मुलांसोबत मुलीही शिकल्या तर आपली प्रगती झपाट्याने होईल, असा त्या पत्राचा आशय होता. बावीस-तेवीस वर्षांच्या पोराला हे कुठून सुचलं? डबक चाळीतल्या दोन वाजताच्या त्या हाकेतून, असं मला तरी वाटतं. पुढे १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. तो त्यांनी आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण केला आणि आपल्या शिक्षणासाठी त्यांनी सोसलेल्या त्यागाची त्यात जाण ठेवली. दादरला राजगृह बांधलं ते तर पुस्तकांसाठीच. जिथे एका पुस्तकासाठी दागिना गहाण पडत होता, तिथून हजारो पुस्तकांच्या घरापर्यंत ते आले.

स्वतः बाप म्हणून मात्र त्यांच्या वाट्याला फार दुःख आलं. चार मुलं लहानपणीच गेली. त्यातला धाकटा राजरत्न १९२६ साली गेला, तेव्हा ते पार कोसळले होते. एकटे यशवंतराव तेवढे जगले.

आणि आपलं नागपूर? २० जुलै १९४२ ला इथेच अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची मोठी परिषद भरली. हजारो बाया आल्या होत्या. बाबासाहेबांनी त्यांना सांगितलं की मुलांना शिकवा, त्यांच्या मनातला न्यूनगंड काढा, लग्नाची घाई करू नका. न्यूनगंड काढा! हे तर रामजींचंच उत्तर. ग्रंथ वेगळे झाले, पण बापाची काळजी तीच राहिली.

१४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस आमच्या भागातल्या जुन्या बायकांनी पाहिलेला. पांढरी लुगडी नेसून, पोरं काखेत घेऊन त्या चालत गेल्या होत्या, असं मी त्यांच्या तोंडून कितीदा ऐकलंय. त्या सोहळ्यातली एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. दीक्षाविधी सुरू होण्याआधी लाखोंचा तो समुदाय उभा राहिला आणि त्याने बाबासाहेबांच्या वडिलांच्या स्मृतीसाठी एक मिनिट शांतता पाळली. रामजींना जाऊन तेव्हा त्रेचाळीस वर्षं झाली होती. एका खोलीतल्या बिऱ्हाडात रात्री जागणाऱ्या त्या पेन्शनर सुभेदारासाठी आपलं अख्खं नागपूर एक मिनिट गप्प उभं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पायरीवर बसलेल्या त्या वडिलांना ही गोष्ट सांगितली. ते म्हणाले की सुभेदार शिकलेले होते, मास्तर होते, मी कुठे? मी म्हटलं, इंग्रजी शिकवायला शिकलेलं असावं लागतं, पण दोन वाजता उठवायला नाही. ते हसले. काही बोलले नाहीत.

आठवड्याने त्यांची लेक सांगत होती की हल्ली बाबा मार्केटला जायच्या आधी तिला उठवतात. स्वतः चहा ठेवतात, कप तिच्या पुस्तकापाशी ठेवतात आणि मग सायकल काढतात. नातेवाइकांना काय उत्तर दिलं, ते तिला माहीत नाही. लग्नाचा विषय मात्र घरात सध्या बंद आहे. तिची परीक्षा मार्चमध्ये आहे. नऊ वाजले की तिचे वडील अजूनही पायरीवरच बसतात. परवा मी त्यांना आत बोलावलं. मुलींच्या चपला जरा बाजूला सरकवून ते दाराशी सतरंजीवर बसले.